छत्र्यांच्या बादलीतल्या छड्या

शाळा वाढत गेली तसा आमच्या घरातला मारही वाढत गेला. हे वाक्य मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस गडबडतो, कारण परदेशातल्या मराठी शाळेबद्दल बोलायचं म्हणजे मातृभाषेची ओढ, संस्कार, रविवार खर्ची घालणारे आईबाप असं काहीतरी गोड ऐकायची त्याची तयारी झालेली असते. ते सगळं होतं, मी नाकारत नाही. पण शाळा म्हटलं की मला आधी आठवते ती बुकित बातोक या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी ठेवलेली निळी प्लॅस्टिकची बादली. ती छत्र्यांसाठी होती. तिच्यात पुढे पुढे छत्र्यांपेक्षा छड्या जास्त झाल्या. वेताच्या, पेन्सिलीहून बारीक, वरच्या टोकाला लाल, पिवळी नाहीतर हिरवी वाकडी मूठ असलेल्या. पाहुण्यांच्या लहान मुलांना त्या खेळण्यातल्या वाटायच्या आणि ती हात घालायची, मग त्यांच्या आया त्यांना घाईघाईनं मागे ओढायच्या.

शाळा मुळात आईची. लग्नाआधी ती चिंचवडच्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवायची. बाबांना इथल्या बँकेच्या हिशेब खात्यात नोकरी लागली आणि तिची नोकरी सुटली. त्याबद्दल तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण रविवारी सकाळी ते दिसायचं. शनिवारीच ती बाजारातून ताजा खवलेला नारळ आणायची, आणि रविवारी आम्ही उठायच्या आत दडपे पोहे कालवलेले असायचे. मुलं चपला कॉरिडॉरमध्ये काढून आत यायची आणि पोटावर पालथी पडायची, कारण आमच्याकडे बाकं नव्हती आणि आईला ती नकोच होती. बाहेर कोकिळा केकाटत असायची, इथली कोकिळा पहाटेपासून गळा काढते. लिफ्टचा टिंग आवाज व्हायचा, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढायचं, आणि या सगळ्यावर कडी करत आमच्याकडे भांडण चालू असायचं. आईचा तो खास तास होता, भांडणाचा. एक नारळाची वडी मध्ये ठेवायची आणि दोन मुलांनी ती आपलीच कशी हे मराठीत भांडून मिळवायची. जो इंग्रजीत घसरला त्याची वडी गेली. "माझी आहे!" "तुझं नाव लिहिलंय का तिच्यावर?" "आधी मी बघितली!" मुलं हमरीतुमरीवर यायची आणि शेवटी वडी मोडून दोघं खायची. भांडायला आलं की भाषा आली, असं आईचं म्हणणं होतं.

माझा भाऊ ओंकार तेव्हा आठ वर्षांचा होता आणि मी तेरा. ओंकारला सगळं समजायचं. सांगितलेली वस्तू आणायचा, विनोदाला हसायचा, पण तोंडातून निघायचं ते इंग्रजी, आणि तेही शाळेच्या मैदानावरचं. "ओंकार, वरण वाढू का?" "Can lah," म्हणजे वाढ. बस. वडीसाठीसुद्धा तो भांडायचा नाही, नुसता बघत बसायचा. आई त्याला कधी रागावली नाही. "सगळं आत साठतंय त्याच्या," ती म्हणायची. "येईल तेव्हा येईल."

बाबा दारू पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. ते पूर्ण शुद्धीत मारायचे. संध्याकाळी ग्रिलच्या कुलपात किल्ली सरळ फिरली तर दिवस बरा गेलेला असायचा. ती अडखळली, मग खडखडली, की आम्ही दोघं दप्तरं आवरायला धावायचो. एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी वाटी भिंतीवर फेकली. हळदीचा तो डाग निघाला नाही, म्हणून आईनं तिथे कॅलेंडर लावलं. पुढे कॅलेंडरला लपवता येणार नाही इतकं काही काही झालं. पहिल्यांदा पट्टा होता. मग ब्लॉकखालच्या, म्हणजे आमच्या इमारतीखालच्या दुकानातून छडी आली. तिथे छड्या पिसांच्या झाडण्यांशेजारी जुडीनं टांगलेल्या असायच्या, आणि मी बाबांबरोबर होते तेव्हा दुकानदार अंकलनं "Boy or girl?" असं विचारलं होतं, चपला घेताना विचारावं तसं. छडी लागण्याआधी तिचा एक आवाज येतो. तो ऐकू आला की आपण श्वास धरतो, आणि लागल्यावर तो धरलेला श्वास सुटतच नाही. मारून झालं की बाबा आंघोळीला जायचे. आई तेवढ्यात खोबरेल तेल घेऊन यायची, वळांवर बोटानं लावायची आणि फुंकर घालत म्हणायची, "थांबेल हं थोड्या वेळात." तेच वाक्य, दर वेळी. माझ्या मनात तेव्हा यायचं की दुखणं थांबेल ठीक आहे, पण मारणं कधी थांबणार?

अशात देवधर काका आले. ते अमेरिकेत पुष्कळ वर्षं काढून इथे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आले होते, आणि तिकडे असताना चार्टर शाळांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्यांनी आम्हाला ते समजावून सांगितलं. तिकडे शिक्षक-पालक मिळून शाळा काढतात, पैसा सरकारचा पण चाकोरी सरकारची नाही. हवं तसं शिकवा. त्या बदल्यात एक करार, म्हणजे चार्टर. ठरलेल्या मुदतीत मुलं शिकलेली दिसली पाहिजेत, नाही दिसली तर शाळेला कुलूप. "इथे तशी शाळा काढता येणार नाही," काका म्हणाले, "पण रविवारची शाळा आपलीच आहे ना? एका फ्लॅटमध्ये किती मुलं मावणार? शाखा काढू. प्रत्येक शाखा स्वतंत्र, प्रत्येकीला आपली सनद. चळवळ करायची आहे, वैशालीताई, चळवळ."

आईनं त्यांना वाटीत दही वाढलं आणि विचारलं, "आणि एखादं मूल नापास झालं तर?"

"मूल नापास होतच नाही. शाखा नापास होते! हीच तर यातली गंमत. जबाबदारी मुलावर नाही, मोठ्यांवर."

"आणि शिकवणाऱ्याला पटलं नाही तर?"

"तर सनद परत करायची आणि आपली मुलं घेऊन बाहेर पडायचं. कुणी अडवू शकत नाही. मोकळीक म्हणजे दुसरं काय?"

बाबा हसून म्हणाले, "ही कुठं जातेय!" सगळे हसले, आईसुद्धा हसली.

मी आज त्या वेळच्या आईपेक्षा वयानं मोठी आहे आणि देवधर काकांनी सांगितलेल्या त्याच कामात माझे रविवार जातात. म्हणून सांगते, कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे. शिकवणाऱ्याचे हात मोकळे ठेवा आणि त्याला जाब विचारा, यात काय वावगं आहे? काकांना फक्त आमची माणसं ठाऊक नव्हती. मोठ्या माणसाला जाब विचारला की तो जाब संध्याकाळपर्यंत लहान पोराच्या पाठीवर पोचतो, हे त्यांच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. बाबांनी 'मोकळीक' स्वतःसाठी ठेवून घेतली आणि 'जबाबदारी' मुलांना वाटली.

तीन शाखा झाल्या. बुकित बातोकची आईची, आमच्या घरात. सेंगकांगची संदीप काकांकडे. ते आयटीतले, पुण्याचे, मऊ बोलणारे, आणि त्यांच्या बायकोनं, पल्लवी मावशीनं, मुलांना लाटण्यावर ताल धरून बडबडगीतं शिकवायला सुरुवात केली होती. तिसरी शाखा चोआ चू कांगची, ती बाबांनी घेतली. बाबांना शिकवता येतं की नाही हे कुणी विचारलं नाही. ते बँकेत होते आणि त्यांचा आवाज मोठा होता, तेवढं पुरलं.

चोआ चू कांगच्या शाखेची पूजा झाली तेव्हा भोसेकर काकांनी पुढची रीत पाडून दिली. हे जाडजूड, गडगडाटी हसणारे गृहस्थ, एका कंपनीत मॅनेजर, त्यांची इरा माझ्यापेक्षा थोडी लहान, तोवर आईच्या वर्गात येणारी. सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ, हळदकुंकू, पेढे ठेवले होते. भोसेकरांनी पिशवीतून एक कोरी छडी काढली, पिवळ्या मुठीची, मुठीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर इराचं नाव. ती नारळाशेजारी ठेवून, कुंकू लावून ते बाबांना म्हणाले, "सर, इरा आजपासून तुमच्या ताब्यात. फोडून काढा, आमची काही तक्रार नाही. आम्हीही मार खाऊनच शिकलो." टाळ्या पडल्या. माणसांना भरून आलं होतं! आपल्या लेकीच्या नावाची छडी बघून इरा हसली, कारण सगळे हसत होते. त्यानंतर शाखेत मूल घालायचं म्हणजे आईबापांनी नावाची छडी आणायची असं होऊन बसलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लिहिलं नव्हतं. बाबा रविवारी ती जुडी घेऊन जायचे आणि परत आणून आमच्या छत्र्यांच्या बादलीत खोचायचे. छत्री काढताना आम्हाला मुलांची नावं वाचत वाचत हात घालावा लागायचा.

आईनं एकदाच तोंड उघडलं. स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होत असताना ती म्हणाली, "अहो, त्या छड्या घरात नकोत. माझ्या वर्गातली मुलं त्यांच्याकडे बघतात आणि त्यांचा आवाज जातो." बाबांनी तिच्या थोबाडीत दिली. पहिली नव्हती, पण एवढ्या जोरात पहिल्यांदा. तिच्या कानातली कुडी निसटून ओट्याखाली गेली. मग ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या लाडांनीच तो मुका राहिलाय. पुढच्या रविवारपासून ओंकार माझ्या शाखेत." आई गुडघ्यावर बसून ओट्याखाली कुडी शोधत राहिली. मीही शेजारी बसले. कुडी समोरच पडली होती, पण आम्ही दोघी बराच वेळ शोधत होतो.

बाबांच्या शाखेनं करून दाखवलं, हे खरं आहे. तिथली मुलं काही महिन्यांतच घडाघडा बोलायला लागली. त्यांच्या आया कौतुकानं सांगायच्या आणि पोटऱ्यांवरचे वळ दिसू नयेत म्हणून उकाड्यातसुद्धा लांब मोजे घालून पाठवायच्या. आईची आणि संदीप काकांची मुलं हसायची, भांडायची, चुका करायची. मग बाबांनी समितीत ठराव आणला. तिन्ही शाखांची एकत्र तपासणी घ्यायची, आणि मागे पडेल ती शाखा बंद करून तिची मुलं पुढच्या शाखेत घालायची. देवधर काकांनी मान डोलावली, चार्टरमध्ये तसंच असतं म्हणाले. आईला लगेच कळलं की आता तिचा वर्ग जाणार आणि तिची सगळी पोरं त्या बादलीपाशी येणार. त्या आठवड्यात ती पोळ्या लाटताना पुटपुटत असायची. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. नीट ऐकलं तर ती मुलांची नावं घेत होती.

तपासणी चोआ चू कांगला झाली, भोसेकरांच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या तळमजल्याच्या मोकळ्या जागेत. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या ब्लॉकखाली एका चिनी म्हाताऱ्याचे अंत्यविधी चालू होते, पांढरा मांडव घातलेला, आणि मधूनच तिकडून झांजा आणि घंटा एकदम खणाणायच्या. तसं झालं की सगळे थांबायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे. प्रत्येक मुलानं एक चित्र उचलायचं आणि त्यावर मराठीत बोलायचं, एवढंच होतं. इरा बोलली, अस्खलित, कुठेही न अडखळता, एका बिंदूकडे बघत. आईच्या वर्गातल्या एका मुलानं चित्रातल्या बैलावरून देवधर काकांशीच भांडण काढलं आणि सगळे पोट धरून हसले. आईचा चेहरा जरासा उजळला. गुण जवळजवळ होते. मग बाबांच्या शाखेतून ओंकारचं नाव पुकारलं.

त्याला हॉकर सेंटरचं, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजाराचं चित्र आलं होतं. टेबलं, वाडगी, एक म्हातारी ट्रे घेऊन चाललेली. तो रोज बघत होता ते. त्यानं चित्राकडे बघितलं, मग बाबांच्या पायाशी पडलेल्या छड्यांच्या जुडीकडे बघितलं, आणि त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. पलीकडे झांजा वाजल्या. त्या थांबल्यावर तो अगदी हळू म्हणाला, "Don't want, lah." आणि कुणीतरी हसलं.

"ये इकडे," बाबा म्हणाले. त्यांनी न बघता जुडीतून एक छडी उपसली. पिवळ्या मुठीची होती, इराच्या नावाची. पहिला फटका पोटरीवर, दुसरा मांडीवर, मग त्यांनी त्याला दंडाला धरलं आणि कुठे लागतंय ते बघायचं सोडून दिलं. पाठ, मान, कान. मोठी माणसं खुर्च्यांवर बसून होती. मला आजही त्या खुर्च्यांचा राग येतो, कारण त्यातली एकही हलली नाही. ओंकार ओरडत नव्हता, आणि त्यामुळे बाबा जास्त चिडले. छडी उभी चिरली तरी थांबले नाहीत. मी धावले. बाबांनी मागे न बघता हात फिरवला आणि तो माझ्या कानशिलावर बसला. मला सगळं पाण्याखालून ऐकू यायला लागलं. मग संदीप काका उठले, ते मऊ बोलणारे संदीप काका, आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं. "दादा, पुरे! मूल आहे ते!" बाबांनी दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला. भोसेकर "आमच्या सरांवर हात टाकतोस?" म्हणून खुर्ची उचलून धावले, आणि ती फिरवताना तिचा पाय त्यांच्याच भुवईत घुसला. आता खुर्च्या हलल्या. काही बाप बाबांच्या बाजूनं, काही संदीप काकांच्या, कॉलर, शिव्या, फरशीवर सांडलेल्या खाऊच्या लाह्या आणि रक्ताचे थेंब. देवधर काका हातात गुणांचा कागद धरून "प्लीज, प्लीज, आपण समितीत बोलू" असं म्हणत एका खांबाला चिकटून उभे होते. त्या गोंधळात बाबांनी ओंकारला झटकून दिलं. तो तिथल्या बुद्धिबळाच्या दगडी टेबलाच्या स्टुलावर आदळला, हात अंगाखाली घेऊन. तो आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू आला. वरून तिसऱ्या मजल्यावरची एक चिनी आँटी ओरडली, "Oi! You hit the boy like that! I call mata ah!"

आणि तिनं खरंच पोलिसांना बोलावलं. दोघं आले, वयानं लहान, इस्त्रीच्या निळ्या गणवेशातले. तोपर्यंत खुर्च्या सरळ झाल्या होत्या आणि मंडळी पुन्हा सभ्य झाली होती. भोसेकर भुवईवर रुमाल दाबून म्हणाले, "Family matter, officer. Small thing." सगळ्यांनी माना डोलावल्या, भांडलेल्यांनी आणि न भांडलेल्यांनी. बाबा केस नीट करत होते. आई फरशीवर बसलेली, ओंकारचं डोकं मांडीवर, त्याचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं, आणि ती त्यावर फुंकर घालत होती. पोलिसानं वाकून विचारलं, "Ma'am, who did this?"

आईनं फुंकर थांबवली. बाबांकडे बघितलं. तिला त्या क्षणी काय काय दिसलं असेल, घर, पास, माहेर, समाज, मला माहीत नाही. "My husband," ती म्हणाली. "That man. Before today also."

मग ती उठली. तिच्या कापडी पिशवीत तिच्या शाखेची सनद होती, तपासणीला प्रत्येकानं आणायची होती म्हणून. ती तिनं देवधर काकांच्या हातात दिली. "ही परत घ्या. पटलं नाही की परत करता येते म्हणाला होतात. मी माझी मुलं घेऊन बाहेर पडतेय."

"ताई, अहो... कुठली मुलं?"

"आधी ही दोन," आई म्हणाली.

हॉस्पिटलमधून आम्ही थेट सेंगकांगला गेलो, संदीप काकांच्या घरी. ओंकारच्या हाताला निळं प्लॅस्टर. बाबा एकदा ब्लॉकखाली येऊन आमची नावं घेऊन ओरडले, मग कोर्टानं त्यांना आमच्या जवळ यायची बंदी केली, मग पुष्कळ काही झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांची शाखा त्यांच्याशिवायही काही काळ चालली. तिथली काही मुलं आज माझ्यापेक्षा सुंदर मराठी बोलतात. मला त्याचा त्रास होतो, पण ते खरं आहे.

तपासणीनंतरचा पहिला रविवार आला. आईनं पल्लवी मावशीच्या स्वयंपाकघरात परातभर दडपे पोहे कालवले. निरोप सगळ्यांना गेले होते की वर्ग इथे भरेल. कुणाला आपली मुलं पोलिसांना नवरा दाखवून देणाऱ्या बाईकडे पाठवायची होती? आम्ही वाट बघत बसलो. एलआरटी रेल्वेचे छोटे डबे खिडकीसमोरून घरघरत जात होते आणि दर वेळी आई दाराकडे बघत होती. शेवटी तिनं परातीवर झाकण घातलं आणि मला वाटलं, संपलं, शाळाही गेली.

मग बेल वाजली. दारात भोसेकर होते, भुवईवर खपली, सगळं शहर ओलांडून आलेले. शेजारी इरा. "ऐकत नाही हो, ताई. म्हणते वैशाली टीचरकडेच जाणार. तीन दिवस जेवली नाही." मग ते ओशाळं हसले आणि त्यांनी पिशवीतून एक कोरी छडी काढली, हिरव्या मुठीची, चिकटपट्टीवर इराचं नाव. "आधीची त्या दिवशी चिरली ना. नवी आणलीय."

त्या माणसाला खरंच काही कळलं नव्हतं. तो चांगुलपणानं घेऊन आला होता, फुलं घेऊन यावं तसा.

आईनं ती छडी घेतली. वाकवून बघितली. मग म्हणाली, "हात पुढे करा."

त्यांनी केला. आई काहीतरी देणार आहे असं त्यांना वाटलं असावं. आईनं छडी डोक्याच्या वर नेली आणि अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून त्यांच्या तळहातावर मारली. तो आवाज आला, आधीचा आणि नंतरचा. भोसेकरांच्या तोंडून लहान पोरासारखा चीत्कार निघाला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"लागलं?"

"लागलं," ते म्हणाले.

"तिलाही एवढंच लागतं. बसा आता. पोहे खा."

भोसेकर निघून गेले नाहीत. ते चपला काढून आत आले आणि इराशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, हात मांडीवर उघडा ठेवून, त्याकडे बघत. तळहातावर लाल रेघ उठत होती. आईच्या हातातली छडी खाली पडली. ओंकार पडद्याच्या मागे गेला होता, आवाज ऐकताच. तो हळूहळू बाहेर आला, प्लॅस्टरचा हात छातीशी धरून, आणि भोसेकरांच्या समोर येऊन उकिडवा बसला. चांगल्या हातानं त्यानं त्यांचा पंजा आपल्याकडे ओढला आणि रेघेवर फुंकर घातली. एकदा, मग पुन्हा.

"थांबेल हं," तो म्हणाला. "थोड्या वेळात."